जग बंद, बोरहळ्ळी चालू

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! लातूरहून निघताना आईचं तोंड एवढंसं झालं होतं. नवरा आखातात, आणि ही निघाली देगलूरच्या पलीकडं, पार कर्नाटकाच्या तोंडावर, इंटरनेटच्या तारा जोडायला. पण मला हे बोरहळ्ळी पाहताक्षणी आवडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्यात आलीय, करडई पिवळीधमक फुललीय, आणि बसमधून उतरल्या उतरल्या रामलिंगअप्पांनी हातात गरम हुरडा ठेवला. हे माझे नवे मालक. किराण्याचं दुकान, जोडीला खताची एजन्सी, आणि आता गावाला नेट. ऑफिस दुकानाच्या माळ्यावर आहे, त्यामुळं खालून दिवसभर गूळ-शेंगदाण्याचा वास येतो. शरणार्थ, शरणार्थ असा रामराम करत त्यांनी अख्ख्या बाजारपेठेशी माझी ओळख करून दिली, की ही आपली इंजिनेरबाई हाय, आता आपली लाईन जात न्हाई म्हणजे न्हाई. मी डिप्लोमावाली आहे. पण एवढ्या लोकांत कोण सांगत बसणार!

नोकरी अमरनाथनं जमवली. तिकडं त्याच्या कंपनीत इथला उमाशंकर क्रेन चालवतो, त्यानंच सांगितलं की गावात असं असं काम आहे, आणि राहायला माझी अव्वा आहेच. त्याची अव्वा, म्हणजे आई, गंगम्मा. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलते आणि दोन्ही घाईत. तिनं खोली झाडून ठेवली होती तरी मी फिनाइलनं पुन्हा पुसली. तिला राग आला नाही, उलट ती हसली. माझी किळस माझ्याबरोबर जन्माला आलीय, तिला मी काय करू? अमरनाथ नेहमी चिडवतो, की आपल्या लिंगायतांत विटाळ मानत नाहीत, मग तू एवढं नाक मुरडायला शिकलीस कुणाकडून. मी त्याला सांगते, माझी किळस माझ्याहून शहाणी आहे, जे नासकं असतं ते तिला आधी कळतं.

संध्याकाळी तो व्हिडिओवर आला. चित्र इतकं स्वच्छ की त्याच्या कपाळावरची विभूती दिसत होती. टाटा करताना मुद्दाम डावा हात हलवतो. वेल्डिंगच्या कामात त्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर गेलंय, आणि ते मला बघवत नाही हे त्याला ठाऊक आहे. आगाऊ आहे नुसता.

त्याचं इष्टलिंग माझ्याकडंच आहे. तिकडं गेटवर गळ्यातलं सगळं काढून ठेवायला लावतात, हरवायला नको म्हणून चांदीच्या डबीसकट माझ्या स्वाधीन करून गेला. माझ्या गळ्यात माझं, पिशवीत त्याचं. रोज पुसते.

७ फेब्रुवारी

काम आवडतंय. घाण मात्र अपेक्षेपेक्षा जास्त. तारेच्या आत पाणी शिरू नये म्हणून एक जेली भरलेली असते, चिकट, पांढुरकी, बोटांना लागली की स्पिरिटशिवाय निघत नाही. केसाएवढी काच पुसायची, मशीनमध्ये धरायची, जोडायची, आणि मग अर्धा तास स्वतःला पुसत बसायचं. अप्पा हसतात. ते स्वतः तंबाखू मळलेल्या हातानं मशीन धरतात आणि मग माझ्यापुढं शेंगदाण्याची चिक्की करतात. मी उपवास असल्याचं सांगते. आठवड्यातून किती उपवास असतात, असं आज त्यांनी विचारलं.

आमची लाईन देगलूरहून येते. गावाजवळ रस्त्याकडेनं न नेता अप्पांनी ती आपल्या रुद्रभूमीतून, मेलेल्यांना पुरतात त्या जागेतून, आणलीय. रस्त्याच्या खात्याची कटकट नको म्हणून. तिथं थडगी नाहीत, खुणा नाहीत, नुसतं गवताळ टेकाड. आपले लोक लिंगैक्य झाले, मातीत आता कोण बसून राहिलंय, असं अप्पांचं म्हणणं. गावात साधा मोबाईल धड चालत नाही, टॉवरचा सिग्नल फक्त त्या टेकाडावर धरतो, म्हणून लोक तिथं चढून फोन करतात. मेलेल्यांच्या डोक्यावर उभं राहून जावयाशी भांडतात. विनोदीच आहे सगळं.

१० फेब्रुवारी

चंद्रप्पा नावाचे म्हातारे कापडवाले वारले. माती द्यायला खड्डा घेतला आणि जेसीबीनं आमची तार तोडली. गावाचं नेट गेलं. मेलेल्या माणसापेक्षा त्याचाच गलका जास्त.

जेसीबीवाला परगावचा. त्याला वाटलं, माणूस झोपवायचा, वर वर खणलं की झालं. त्याला समजावून सांगावं लागलं, की आमच्यात झोपवत नाहीत. खोल खड्डा घेऊन त्याच्या भिंतीत कोनाडा कोरायचा, त्यात माणसाला मांडी घालून बसवायचं, डावा तळहात मांडीवर उघडा ठेवून त्यावर त्याचं इष्टलिंग द्यायचं. बिचारा ऐकतच राहिला. खड्डा झाला, कोनाडा कोरून झाला, आणि मग भिंतीतून आमची तार डोकावली. तारेजवळ कसं बसवणार, म्हणून घरच्यांनी चार पावलं पलीकडं दुसरा खड्डा घेतला आणि चंद्रप्पांना तिथं बसवलं.

पहिला कोनाडा तसाच राहिला. कोरडा, सुबक, बरोबर माझ्या कमरेएवढा. गंगम्मा माझ्याजवळ येऊन म्हणाली, की कोरलेली जागा रिकामी ठेवू न्हाई, आत एक धोंडा बसव, विभूती लाव, माती लोट. मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा म्हणाले, आयता चेंबर मिळालाय, शहाबादी फरशी टाकली की काम झालं. मलाही तेच वाटलं. तार जोडली, जॉइंटची पेटी कोनाड्यात ठेवली, वर फरशी ओढली. गंगम्मा पुटपुटत गेली. मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय फायबरमधलं.

१५ फेब्रुवारी

तिकडं युद्ध पेटलंय. काल फक्त धमक्या होत्या, आज विमानं आली.

अमरनाथशी बोलणं झालं. कॅम्प शहरापासून लांब आहे, काळजी करू नकोस म्हणाला. मागं उमाशंकर ओरडून अव्वाला निरोप देत होता. दोघंही हसत होते, पण अमरनाथ हसताना डोळे चोरत होता. मला त्याची सगळी हसणी माहीत आहेत.

खाली हॉटेलात टीव्ही लावलाय. गावातले रिकामटेकडे भजी खात खात क्षेपणास्त्रं मोजतायत. एक इमारत कोसळली की टाळ्या. एकानं मला बोलावून मोबाईलवर कुठला तरी जळलेला मृतदेह दाखवला, वर विचारलं, की वहिनी, तुमचे मालक हितंच असतात का. मला ओकारी आली. खरोखरची. मोरीपर्यंत जेमतेम पोचले.

१७ फेब्रुवारी

तिकडचं इंटरनेट गेलं. एका कॅम्पचं नाही, अख्ख्या देशाचं. सरकारनंच बंद केलं की समुद्रातली तार तुटली, यावर टीव्हीवर दोन तट पडलेत. फोन लागत नाहीत, मेसेज एकाच टिकवर अडकलेत. मी लाईनची माणूस, आणि माझ्या हातात काहीच नाही.

गंगम्मा देवापुढं बसून आहे. तिनं जेवायला वाढलं, मला घास उतरला नाही, तिलाही नाही. ताटं तशीच झाकून ठेवली.

१९ फेब्रुवारी

लागला! फोन लागला!

ऑफिसात बसून सवयीनं त्याचं नाव दाबलं आणि पलीकडून हॅलो आलं. चित्र नाही, नुसतं काळं, पण आवाज इतका जवळचा की जणू कुणी कानाशी तोंड आणलंय. निवांत बसलोय म्हणाला. बातम्या खोट्या आहेत म्हणाला. मी रडले, अप्पांसमोर रडले, लाज वाटली नाही. धावत जाऊन गंगम्माला आणलं. तिलाही उमाशंकर लागला. तिनं मोबाईलचाच मुका घेतला. टेकाडावर चढून लातूरला आईला कळवलं, तर तिला पटेना. तिकडं कुणाचेच फोन लागत नाहीत म्हणाली. उदगीर, नांदेड, कुठंच नाही.

मग आपल्याच लाईनवर कसा लागतो? विचार आला खरा. म्हटलं, असेल एखादी वाट उघडी राहिलेली. नेट असंच असतं, एक वाट बुजली की दुसरी शोधतं. मिळालेलं सुख कोण उलगडत बसतं!

२१ फेब्रुवारी

अप्पांनी बॅनर लावला. जग बंद, बोरहळ्ळी चालू. खाली स्वतःचा फोटो, फेटा बांधलेला.

आसपासच्या गावांतून बाया यायला लागल्यात. ज्याच्या त्याच्या घरचं कुणीतरी तिकडं आहे. माळ्यावर पाय ठेवायला जागा नाही. घाम, तंबाखू, लेकरांची शी, जिन्यात पिचकाऱ्या. अप्पा मिशीवर ताव देत फिरतात, आपल्या तारेची क्वालिटी अशी अन् तशी. माणसं तिकडं मरतायत आणि ह्यांची छाती फुगलीय. ह्या माणसाच्या हातची चिक्की मी खाल्ली नाही ते बरंच झालं.

अमरनाथ आज बा, बा म्हणाला. बा म्हणजे कानडीत ये. चाकूरच्या माणसाला कानडी कधीपासून यायला लागलं? उमाशंकरकडून शिकला असेल.

२२ फेब्रुवारी

फोन ठेवल्यावर कान चिकट लागला. बोट लावून पाहिलं तर पांढुरकं काहीतरी. आधी वाटलं, माझ्याच हाताची जेली. पण आज मी तार उघडलीच नव्हती. मोबाईलच्या त्या बारीक जाळीतून येतंय. वास घेतला आणि पश्चात्ताप झाला. ओली विभूती आणि नासलेलं दूध एकत्र केल्यासारखा वास. अख्खी स्पिरिटची बाटली संपवली, तरी वास बोटांना आहेच.

बायांच्या कानांनाही तेच लागतंय. त्या पदरानं पुसतात आणि पुन्हा फोन लावतात. धोंडाबाई म्हणून मळणीचं काम करणारी एक बाई आहे, तिचा मुलगा तिकडं टँकर चालवतो. तिच्या गालावरून ओघळ खाली आला होता. मी रुमाल दिला. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे बाई, लई दिसांनी लेक बोलून ऱ्हायलाय.

२३ फेब्रुवारी

आज कामाचं सोंग करून सगळ्यांचं बोलणं ऐकलं. स्पीकरवर असतं, ऐकू येतंच. प्रत्येकीचा मुलगा, नवरा, भाऊ एकच सांगतो. निवांत बसलोय. बातम्या खोट्या आहेत. हात रिकामा वाटतो. शब्द तेच. आवाज वेगवेगळे, पण दम घेण्याची जागासुद्धा तीच.

मग मी त्यांच्याकडं पाहिलं. भिंतीला टेकून रांगेनं बसलेल्या. सगळ्या मांडी घालून, फोन उजव्या हातात. डावा हात मांडीवर, तळवा वर, उघडा. धोंडाबाई मराठ्याची, दोघी तिघी मुसलमानांच्या, त्यांच्यात कुठं असं बसवतात? मला ओरडावंसं वाटलं, आणि तेवढ्यात दिसलं, की मीही तशीच बसलेय.

२४ फेब्रुवारी

देगलूरला जाऊन आले. स्पिरिट आणायचं निमित्त. जिथून आमची लाईन निघते तिथल्या माणसाला म्हटलं, तुमची लाईन भारी चालते. तो म्हणाला, ताई, चेष्टा करता का. रस्ता रुंद करताना तार उखडलीय, आठवडा झाला बोरहळ्ळीची लाईन बंद आहे, तक्रार कशी आली नाही याचंच आम्हाला नवल वाटतंय.

खरंच आहे. दुसरं काहीच उघडत नव्हतं. बातम्या नाहीत, व्हिडिओ नाहीत, बँक नाही. फक्त ते फोन. आमच्यापैकी कुणाला दुसरं काही नकोच होतं.

येताना जीपमध्ये माणसं युद्धावर खिदळत होती. मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले. सगळ्याचीच किळस येते. त्यांची, अप्पांची, माझी.

२५ फेब्रुवारी

तार तपासायचं मशीन लावलं. एका टोकातून प्रकाश सोडायचा, तो जिथं अडतो तिथून परत येतो, आणि मशीन सांगतं तार कुठवर धड आहे. अडला रुद्रभूमीत. माझ्याच जोडणीपाशी. पुढं काही नाही.

मग मी माझा प्रकाश बंद केला.

तरी तारेतून प्रकाश येत होता. तिकडून. कोनाड्याकडून. थांबत थांबत, दम घेत.

२६ फेब्रुवारी

अप्पांना सांगितलं. मशीन दाखवलं. त्यांनी पाहिलं, घाम पुसला, आणि म्हणाले, बाई, लोक खुश हायेत ना, मग तुमच्या पोटात का दुखून ऱ्हायलंय. लाईनला हात लावायचा न्हाई. त्यांच्या कानाशीही चकाकत होतं. त्यांचा कुणी तिकडं नाही. मग हे कुणाशी बोलतात?

गंगम्माला हात धरून सांगितलं, की अव्वा, ही तार गावाबाहेर जातच नाही. तुझा उमाशंकर जिथून बोलतो ती कोरलेली जागा बुजव, असं तूच मला सांगितलं होतंस. तिनं पदरानं कान पुसला. मग म्हणाली, ठाऊक हाय. आज पहाटे तिनं त्याचा करदोडा, लहानपणचा, जपून ठेवलेला, फरशीच्या फटीतून आत सोडला. त्यानं मागितला होता. तेव्हापासून कसा स्वच्छ बोलतो, म्हणाली. बोलून ऱ्हायला ना? मग मला बास हाय. 

मी अंगणात जाऊन ओकले.

म्हणजे गेला. उमाशंकर गेला. आणि अमरनाथ—

लिहीत राहते. हात चालू असला की डोकं जागेवर राहतं.

२७ फेब्रुवारी

त्याच्याशी बोलले. सरळ विचारलं, की तू आहेस का.

म्हणाला, शिवू, मला झोपवलंय. बसवलं नाही. खूप जण आहेत एका खड्ड्यात, एकावर एक. हात रिकामा आहे. माझं इष्टलिंग आण. मग बसतो. मग तू तार तोड.

शिवू. मला दुसरं कुणी शिवू म्हणत नाही. पण ह्याच माळ्यावर बसून मी त्याच्याशी महिनाभर बोललेय, ते नाव ह्याच तारेतून गेलंय.

परक्या मुलखात, मातीत लोळवलेला, आणि त्याचं जे त्याच्या हातावर हवं ते माझ्या पिशवीत. मी रोज पुसत होते.

कानातून ओघळ मानेवर आला. मी पुसला नाही.

२८ फेब्रुवारी, सकाळ

ठरलं. देणार आणि तोडणार. अप्पा दुकान उघडायच्या आत.

किळस येतेय. आतापासूनच, पोटातून, पायापर्यंत. अंगातलं सगळं मला मागं ओढतंय. आयुष्यभर तिचं ऐकलं. आज नाही. माझ्याच माणसाची कसली किळस? तो मातीत आहे आणि मी हात राखून राहू?

डबी घेतली. कटर घेतला. वही पिशवीत.

२८ फेब्रुवारी, ऊन वर आलंय

टेकाडावर बसलेय. खड्ड्याच्या काठावर.

फरशी सरकवली. वास— खड्डा अर्धा भरलाय त्या पांढऱ्यानं. माझी पेटी उघडली गेलीय, तारा बाहेर, केसांसारख्या पसरलेल्या. आणि कोनाडा रिकामा नाही. बसलंय. मांडी घालून. चेहऱ्याकडं पाहिलं नाही, पाहवलं नाही. कमरेला करदोडा, काळा, लहान मुलाचा, मांसात रुतलेला. डावा हात मांडीवर उघडा.

उतरले. मांडीपर्यंत बुडाले. डोळे मिटून म्हटलं, अमर, घे. तळव्यावर ठेवलं.

मूठ मिटली. मिटताना बोटं दिसली.

पाच. पुरी. करंगळीसुद्धा.

२८ — 

फोन वाजला. तारेवरचा नव्हे. साधा, टॉवरचा. इथं सिग्नल धरतो. आधी मेसेज आला, दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरवरून.

शिवू मी अमर. सगळे सुखरूप. आज सीमा ओलांडली, इकडं नेट आहे. तिकडचं नेट गेल्यापासून तुझ्याशी एक शब्द नाही, जीव अर्धा झाला. एकच वाईट. आपला उमाशंकर परवा गेला. हल्ला नाही, काही नाही. बसल्या बसल्या. डावा हात मांडीवर उघडा. अव्वाला तू सांग.

परवा. करदोडा परवा—

नेट गेल्यापासून एक शब्द नाही. मग मी कुणाला—

तो बोलतोय आता. खरा. खोकतो, ड्रायव्हरला शिव्या घालतो, जेवलीस का विचारतो. मागं हॉर्न. ह्या आवाजाला वास नाही. मी ओळखायला हवं होतं, तिला कळत होतं, माझी किळस ओरडत होती आणि मी—

म्हणतोय डावा हात गार पडलाय. म्हणतोय तळव्यावर काहीतरी गोल आहे, दिसत नाही. थकवा आलाय म्हणतोय. जरा बसतो—

पुन्हा उतरले खड्ड्यात. मूठ उघडत नाही. दातांनी ओढलं. कटर लावला, बोटं तुटतात आणि पुन्हा— फोन काठावर, स्पीकर चालू. माझा आवाज निघत नाही, तोंडात सगळं तेच भरलंय. वहीला हात पोचतो, पेन चिकटलंय बोटांना— गंगम्मा आली काठावर. बाया आल्या. फोन कानाला लावून उभ्या, बघतायत. कुणीतरी सांगा त्याला. अव्वा, तू सांग, तुझं ऐकेल. बसू नको म्हण. त्या हसतायत, म्हणतायत, बघ कसा स्वच्छ बोलायला लाग—

अमर, बसू नकोस. अमर, उभा राहा. उभा